मधाचा रंग येईपर्यंत

४ फेब्रुवारी

चिमणे,

दिवसभर उभी असतेस, तेव्हा आधी तुझ्या पायांना आशीर्वाद, मग तुला.

तुझा डबा परवा पोचला. तुझ्या सिनेमाघराच्या काउंटरवर असलं काही विकतात हे मला ठाऊक नव्हतं. मक्याच्या लाह्या म्हटलं की मीठ लावून खाणं, इथवरच आपली धाव. ह्या गोडही आणि खारटही, वर काचेसारखा कुरकुरीत लेप. मी एक मूठ घेतली. बाकीचा डबा दादाने उशीखाली ठेवला. छप्पन्न वर्षांचा माणूस, कमरेपासून खाली लुळा पडलेला, चार वर्षांत ज्याने कुठल्याही जेवणाला बरं म्हटलं नाही, तो दुपारी चादर डोक्यावर घेऊन कुरुमकुरुम करत होता. मी विचारलं, "काय चाललंय?" तर म्हणे, "उंदीर आहे. तू तुझं काम कर."

दोन दिवसांत डबा रिकामा. आता रोज एकच धोशा: घरी कर. तेव्हा कृती लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस. फोन आला की दादा विचारतो, कोण, काय म्हणते, माझ्याबद्दल काय म्हणते. एका खोलीत दोन माणसं राहिली की एकाचं बोलणं दुसऱ्याचंही होतं. पत्र तेवढं माझं एकट्याचं. खिडकीशी बसून लिहितो आहे. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, तिच्यावरचे पाण्याचे डाग मला पाठ झालेत.

बाकी ठीक. भाजीला उतरतो. मी चपला घातल्या की दादा गजराचं घड्याळ अर्ध्या तासावर लावतो. परवा दुकानात रांग होती, जिन्यात असतानाच गजर ऐकू आला. वर आलो तर म्हणाला, "आलास? मला वाटलं संन्यास घेतलास."

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. काचेच्या भट्टीपुढे पंचवीस वर्षं काढली की लवकर होतो म्हणाले. मोठ्या रुग्णालयात नाव घातलंय, शस्त्रक्रियेची तारीख टपालाने येईल. दोन दिवस तिकडे राहायचं आणि पुढे महिनाभर वजन उचलायचं नाही. दादाला उचलणं म्हणजे वजनच की. त्या वेळी तुला येता आलं तर बघ. घाई नाही.

तुझा भाऊ


११ फेब्रुवारी

भाऊ,

नमस्कार तुला, दादाला आणि उंदराला.

"घाई नाही" हे डॉक्टर म्हणाले की तू? तुझं "घाई नाही" मी लहानपणापासून ओळखते. पायात काटा मोडला तेव्हाही घाई नव्हती, पायाचा भोपळा झाल्यावर गुरुजींनी तुला खांद्यावर टाकून घरी आणलं होतं. तारीख आली की त्याच दिवशी कळव. मार्चअखेर मुलांच्या परीक्षा संपतात आणि आमच्याकडे झुंबड उडते. मालकीणबाईंनी आत्ताच बजावलंय, तेव्हा रजेचं नाव काढायचं नाही. पण भांडायला मला वेळ लागतो, म्हणून आधी कळव.

आता कृती. जाड बुडाचं पातेलं घे. तीन चमचे तेल, त्यात तीनच दाणे टाक. तिन्ही फुटले की तेल तयार. मग वाटीभर दाणे, वर झाकण, आणि पातेलं हलवत राहा. आधी तडतड, मग एकच गोंधळ, मग तुरळक. दोन फुटण्यांमध्ये तू "राम" म्हणू शकलास की गॅस बंद. न फुटलेले गणंग वेचून काढ, नाहीतर दादाचा दात जाईल आणि नाव माझं.

दुसऱ्या भांड्यात वाटीभर साखर, तिच्यावर दोन चमचे पाणी. चमच्याने ढवळायची नाही, भांडंच गोल फिरवायचं. ढवळलीस की रुसते, खडे धरते. आधी पाणी होईल, मग पिवळसर, मग मधाचा रंग. तिथे गॅस बंद! मधानंतर विटेचा रंग येतो आणि विटेनंतर कोळसा. मध आणि वीट यांच्यामध्ये जेमतेम दहा आकडे मोजण्याइतका वेळ असतो. त्या वेळी दादाने हाक मारली तरी वळायचं नाही. मग मोठा चमचा लोणी. फसफसेल, घाबरू नकोस. चिमूटभर खायचा सोडा, की फेस येऊन हलकं होईल. लगेच लाह्यांवर ओत, दोन उलथन्यांनी वरखाली कर, ताटात पसर आणि चिकट आहे तोवरच वरून मीठ भुरभुर. वाळल्यावर मीठ धरत नाही.

तुला काय अवघड आहे म्हणा. काचेचा रस नुसता पाहून भट्टीची आच सांगणारा माणूस तू. साखर त्यापुढे पोर आहे.

चिमणी


१९ फेब्रुवारी

चिमणे,

पोर मोठी द्वाड निघाली.

लाह्या छान फुटल्या. तो आवाज ऐकून दादा गादीवर बसल्याबसल्या ताल धरत होता. पण साखर तीनदा जळाली. पहिल्यांदा म्हटलं, गॅस मोठा झाला असेल. दुसऱ्यांदा म्हटलं, भांडं पातळ आहे. तिसऱ्यांदा जाड बुडाचं घेतलं, आच बारीक, नजर हलवली नाही. मला तर मधासारखीच दिसत होती. लाह्यांवर ओतली, मीठ टाकलं, दादापुढे ताट ठेवलं. त्याने एक तोंडात टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला काडेपेटी चारली.

"हे काय आहे?"

"कॅरमल."

"अरे, भट्टीवर मी तुझा मुकादम होतो. चूक रंगाचा एक थेंब साच्यात जाऊ दिला नाहीस कधी. आणि साखरेने तुला हरवलं?"

शेजाऱ्यांनी दार वाजवून विचारलं, काही पेटलंय का. मी सगळं बंबाच्या राखेसारखं कागदात गुंडाळून खाली टाकून आलो. त्यालाही दादाने घड्याळ लावलंच.

रुग्णालयाचं पत्र आलं नाही. सोमवारी एक खाकी पाकीट आलं होतं, पण छपाई इतकी फिकट की मला अक्षर लागेना. दादाने वाचून दाखवलं, पाण्याच्या मीटरची सूचना होती. चौथ्यांदा करून बघतो. साखर पुरेल.

भाऊ


२५ फेब्रुवारी

भाऊ,

तुझं पत्र मी मध्यंतराच्या आधी काउंटरच्या मागे बसून वाचलं आणि मध्यंतरात चार जणांना चुकीचे पुडे दिले.

घर धुराने भरलं, शेजारी धावून आले, आणि तुला तेव्हाही मधच दिसत होता? जाडपातळ भांड्याचं मला सांगू नकोस. तुला रंगच कळत नाहीये.

तुझी पत्रं समोर घेऊन बसले. गेल्या वर्षी तुझ्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ असायच्या. ह्या पत्रात शेवटची ओळ जिना उतरते आहे.

सोबत दोन तुकडे जोडलेत, आमच्या कागदी पेल्यांचे. एक पांढरा आहे, एक लोण्याच्या रंगाचा. उजेडात, दादाला न विचारता बघ आणि कोणता पांढरा ते लिही. डावा की उजवा, एवढंच. आणि डॉक्टर शब्दशः काय म्हणाले ते लिही. तुझ्या भाषेत नको, त्यांच्या भाषेत.

चिमणी

आणि पाण्याच्या मीटरची सूचना टपालाने कधीपासून येते?


४ मार्च

चिमणे,

दोन्ही तुकडे मला जुन्या वर्तमानपत्रासारखे दिसले. उजवा म्हणायचं मनात होतं, तसं लिहूनही झालं होतं, मग खोडलं. बहिणीला खोटं लिहून देवापुढे हात जोडणं काही जमेना.

डॉक्टर असं म्हणाले: "उजवा पूर्ण पिकलाय. मार्च संपायच्या आत काढला नाही तर आत दाब वाढेल, आणि मग काढूनही नजर येईल याची खात्री देत नाही. डावाही त्याच वाटेने निघालाय." हे मी जानेवारीत ऐकलं. डावा अजून पत्रापुरता आहे.

तुला का लिहिलं नाही, तर लिहून काय झालं असतं? तू नोकरी टाकून आली असतीस, आणि दादाला कळलं असतं की मला जायचंय. तुला माहीत आहे त्या दिवशी पाळी माझी होती. मला ताप होता म्हणून तो भट्टीच्या उंच माचीवर चढला आणि तिथून पडला. तो हे कधी बोलून दाखवत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तो बोलत नाही, म्हणून मीही काही मागत नाही. असं करत चार वर्षं गेली. खरं सांगू? आता मला वाटतं, दार सताड उघडं ठेवलं तरी मी उंबऱ्यापाशीच थांबेन. पाळलेल्या पोपटाचं होतं तसं.

पण काल एक झालं, ते ऐक. चौथ्यांदा साखर चढवायला निघालो तर दादा म्हणाला, "थांब. माझी खाट ओढ तिकडे." लोखंडी खाट, फरशीवर असा आवाज झाला की खालच्या शिवणवाल्या बाई वर आल्या. त्यांनी एक बाजू धरली. स्वयंपाकघराच्या दारात खाट आडवी लावली, दादाला उशीला टेकवून बसवलं. मी भांडं फिरवतोय, तो मान लांब करून बघतोय. भट्टीवर असायचा तसाच चेहरा झाला बघ त्याचा.

"अजून पाणीच आहे. फिरव. आता कडेने पिवळी होतेय. हात थांबवू नको रे! थांब... थांब... आता!"

मी गॅस बंद केला. लोणी, सोडा, फेस, सगळं तो सांगेल तसं. मीठ त्याने स्वतः भुरभुरलं, उंचावरून, ऐटीत. चिमणे, तुझ्या डब्यातल्यापेक्षा तसूभर कमी नव्हत्या. बाई पदरात मूठभर घेऊन गेल्या.

मी ताट दादापुढे धरलं. त्याने खाल्ल्या नाहीत. म्हणाला, "शेवटी तर ती चांगली मधासारखी झाली होती. तुला खरंच दिसत नव्हतं?"

मी म्हटलं, "नाही."

"मग तीन वेळा नुसता अंदाजाने उभा होतास? उकळत्या साखरेपाशी?"

मग भिंतीकडे तोंड करून पडला. आज सकाळपासून एक टोमणा नाही. मला करमत नाही.

भाऊ


६ मार्च

चिमणी,

मी दादा. चार वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं एवढंच होतं की मी पडून आहे. शिवणवाल्या बाईंच्या हाती हे देतोय. भाऊ भाजीला गेलाय. माझ्याकडे अर्धा तास आहे, तो मीच लावलाय.

ते पाकीट पाण्याच्या मीटरचं नव्हतं. रुग्णालयाचं होतं. चोवीस मार्च, सकाळी आठ. माझ्या गादीखाली आहे. त्याने माझ्या हातात दिलं, मी तारीख पाहिली आणि मीटरची सूचना वाचून दाखवली. जीभ अडखळलीसुद्धा नाही. इतकं सरळ खोटं मी उभ्या जन्मात बोललो नव्हतो, आणि बोललो ते आडवा झाल्यावर.

तो मला सांगत होता डोळा जरासा धूसर आहे, घाई नाही. मी म्हटलं मग थांबू दे, खाटेवरून मला कोण उठवणार, कोण बसवणार. मला वाटलं, पुढची तारीख येईल. त्या दिवशी साखरेला मधाचा रंग आला तरी तो शांतपणे भांडं फिरवत होता, तेव्हा मला कळलं मी काय चोरलंय.

माझं घड्याळ त्याला जाच वाटतो. असेलच. पण एकतिसाव्या मिनिटाला मला काय होतं ते कुणाला सांगू? पाय हलत नाहीत, दार दिसतं. तो गाडीखाली आला असेल इथपासून तो कंटाळून निघून गेला असेल इथपर्यंत मी सगळं पाहून घेतो. त्यातलं दुसरं जास्त वाईट वाटतं, हेही लिहून टाकतो.

तू चोवीसच्या आधी ये. त्याला सांगायला माझं तोंड होत नाही. तूच सांग.

दादा


१२ मार्च

दादा,

येते. एकवीसला संध्याकाळी पोचेन. मालकीणबाई म्हणाल्या, ह्या गर्दीत गेलीस तर परत येऊ नकोस. मी म्हटलं बरं. पुढचं पुढे बघू, उभं राहायला काउंटर काय कुठेही मिळतो.

पण तुझं तोंड मी होणार नाही. पाकीट तू लपवलंस, तूच काढून द्यायचंस, आणि मी दारात पाऊल टाकायच्या आत. मी आल्यावर दोघं एकमेकांची तोंडं चुकवत बसलेले मला दिसले, तर मी बॅगही न उघडता त्याला घेऊन जाईन आणि तुझ्या उशाशी त्या शिवणवाल्या बाईंना बसवीन.

दुसरं. तो परत आल्यावर महिनाभर त्याने वजन उचलायचं नाही, आणि मी काही जन्मभर राहणार नाही. तुमच्याकडच्या दवाखान्यात फोन केला होता. तिथला एक मदतनीस घरोघरी जाऊन माणसांना उठवणं, बसवणं, आंघोळ घालणं हे काम करतो. दोन दिवसांआड म्हणत होता, मी रोज म्हटलं. परक्याचा हात नको म्हणून तू नाक मुरडशील हे मी धरूनच चाललेय. मुरड.

तू घाबरतोस हे लिहिलंस ते बरं केलंस. मी तुला दगड समजत होते. पण घाबरलेल्या माणसाने दुसऱ्याचा डोळा गादीखाली घालून झोपावं, हे मला अजून गिळता आलेलं नाही. आल्यावर बोलेन, मोठ्याने बोलेन. तयार राहा.

चिमणी


१८ मार्च

चिमणे,

काल दादाच्या नावे पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर होतं, तेवढं मोठं मला ओळखता येतं. मला नवल वाटलं, पण विचारलं नाही. त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, "गादीची ही कड उचल."

उचलली. खाकी पाकीट होतं.

"पाण्याच्या मीटरचं?" मी म्हणालो.

"नाही."

"मग वाच."

त्याने वाचलं. चोवीस तारीख, सकाळी आठ, उपाशीपोटी, सोबत एक नातेवाईक. वाचताना मध्ये दोनदा थांबला. तुझ्या पत्रातलं त्या मदतनिसाबद्दलचंही वाचून दाखवलं. मग कागद पोटावर ठेवून छताकडे बघत राहिला. म्हणाला, "मी भ्यालो रे."

मी चपला घातल्या आणि उतरलो. माझं जग तुला सांगतो, गल्लीच्या तोंडाशी भाजीवाला, पलीकडे औषधाचं दुकान, कोपऱ्यावर टपालपेटी. त्याच्या पुढे गेलो. रस्ता ओलांडताना एका बाईंच्या मागोमाग गेलो, सिग्नलच्या दिव्याचा रंग मला कळत नव्हता. पूल ओलांडला. आणि पुलापलीकडे उभा राहिलो, कारण कुठे जायचं ते सुचेना. रागावलेली माणसं तावातावाने कुठेतरी जातात, चिमणे. मला जायला ठिकाणच उरलेलं नव्हतं. एका बाकावर बसलो. चार वर्षं मी देवाकडे एकच मागत आलो, की मला दादाचा राग येऊ देऊ नकोस. काल म्हटलं, आता येऊ दे. आला. मी त्याला मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही, गुरुजींनी शिकवलेल्या अक्षरात ते शोभणार नाही. मग तो आपोआप ओसरला आणि मला सपाटून भूक लागली. बाकावर बसून पाव खाल्ला. किती वेळ गेला कळलं नाही.

परतलो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. पाण्याचा तांब्या दादाच्या हातापासून वीतभर लांब राहिला होता, तो तहानलेला होता. पाणी दिलं. त्याने टोमणा मारायला तोंड उघडलं, "मला वाटलं..." आणि पुढचं त्याला जमलं नाही.

मी म्हणालो, "चोवीसला मी जातोय."

आजवर मी त्याला विचारत आलो. उतरू का, जाऊ का, येऊ का. काल ते वाक्य तोंडातून निघाल्यावर मलाच ऐकून कसंसं झालं.

"आणि परत?" त्याने विचारलं.

"येईन. पण मग तुला एकटा मी उचलणार नाही. महिन्यानंतरही नाही. चिमणी म्हणते तो माणूस येईल, रोज. तो असेल तेव्हा मी घरात नसेन."

"कुठे असशील?"

"अजून माहीत नाही. बाहेर."

चिमणे, खरं सांगतो, "येईन" म्हणताना माझी जीभ क्षणभर रेंगाळली. त्याने ते पाहिलं. पाहिलं तर पाहू दे, असं मनाशी म्हणून मी भात चढवला. जेवणं झाली, भांडी झाली, त्याला कुशीवर वळवला. रोज वळवताना तो काहीतरी कुरकुरतो, काल नाही. मला वाटलं झोपला. मी दिवा बंद करायला गेलो तर भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला,

"त्या माणसाचे हात गार असतात का रे?"

मी म्हटलं, "असले तर?"

"तर त्याला सांगून ठेव. उचलायच्या आधी चोळून घे म्हणावं."

भाऊ